लंडनमध्ये साडेतीन वर्षांच्या पोराला घेऊन एकटीनं फिरायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक आई, सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा, नवऱ्याचं ऑफिस कॅनरी वॉर्फला, कंपनीनं घर दिलंय तिथंच खाली क्रॉसहार्बरच्या बाजूला, मुक्काम ऑक्टोबर ते डिसेंबर. नवरा सकाळी आठला जातो तो सातला येतो. पोराला फक्त मराठी येतं, चालायचा कंटाळा करतो, खाण्याचे नखरे आहेत. तिला इंग्रजी येतं पण ट्यूबची, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेची, धास्ती वाटते. तर एकटीनं पोराला घेऊन बाहेर पडावं का, आणि पडलं तर तीन महिन्यांत काय काय बघून होईल.

पड गं, बिनधास्त पड. मी इथे लंडनमध्ये चाइल्डमाइंडर आहे, म्हणजे लोकांची लहान मुलं माझ्या घरी सांभाळते, रीतसर नोंदणी वगैरे करून. इथल्या नियमानं आम्हाला साधारणपणे पाच वर्षांखालची तीनच मुलं एका वेळी घेता येतात, आणि त्या तिघांना घेऊन रोज बाहेर पडणं हा कामाचाच भाग, पाऊस असो नाहीतर थंडी. एक बग्गीत, म्हणजे बाबागाडीत, एक बग्गीला धरून, एक हाताला. तुझ्याकडे तर एकच आहे आणि तोही स्वतःचा, त्यामुळे तू माझ्यापेक्षा फारच सुखात आहेस.

फक्त ते "काय काय बघून होईल" आत्ता बाजूला ठेव. इथे नवीन आलेल्या सगळ्या आयांकडे एक यादी असते, बिग बेन, लंडन आय, राजवाड्यासमोरचं गार्ड बदलणं, मादाम तुसाँ, आणि ती यादी घेऊन पोराला ओढत नेलं की दोन दिवसांत दोघंही रडकुंडीला येतात. गार्ड बदलण्याचंच घे. तासभर आधी जाऊन उभं राहायचं, आणि पोराला दिसतं काय तर समोरच्याची पाठ आणि त्याची बॅग. लंडन आयमध्ये अर्धा तास त्या काचेच्या डब्यात बंद, मधेच शू आली तर उतरता येत नाही, आणि तिकीट महाग. मोठ्यांनी जरूर जावं, माझं काही म्हणणं नाही. पण साडेतीन वर्षांच्या पोराला लिफ्टचं बटण, बसची वरची सीट आणि चिखलातली मेंढी यात जास्त रस असतो आणि नशिबानं लंडनमध्ये या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत आणि जवळपास फुकट आहेत.

माझी पद्धत सांगते. मी कुठेही जायचं ठरवलं की आधी परतीचं बघते. म्हणजे पोरं दमणार किती वाजता, झोपेची वेळ कुठली, त्या वेळी आपण कुठे असू, तिथून घरी सरळ एका गाडीनं येता येतं का, आणि मधे संडास कुठे आहे. हे जमलं की मग जायचं ठिकाण त्यात बसवायचं. बहुतेक लोक उलटं करतात, ठिकाण आधी आणि परतीचं बघू नंतर, आणि मग संध्याकाळी पाच वाजता ऑफिस सुटल्याच्या गर्दीत झोपलेलं पोर खांद्यावर, एका हातात बग्गी, दुसऱ्या हातात पिशवी. चार ते सात या वेळात ट्यूबमध्ये जायचंच नाही असं ठरवूनच टाक. सकाळीही साडेनऊनंतर निघ. म्हणजे तुझ्याकडे साडेनऊ ते तीन एवढा दिवस आहे, त्यात एक ठिकाण, एकच. दुसरं जवळ असलं तरी नाही.

आणि एकच ठिकाण परत परत गेलं तरी चालतं, खरं तर जावंच. पहिल्या वेळी पोर बिचकतं, पायाला चिकटून उभं राहतं आणि आपल्याला वाटतं याला नाही आवडलं. दुसऱ्या वेळी ते तुला रस्ता दाखवतं. तिसऱ्या वेळी तू बाकावर बसून चहा पितेस. दरवेळी नवीन ठिकाण काढलं तर तू कायम त्या पहिल्याच पायरीवर राहशील, आणि मग पोर किरकिरं आहे असा त्याच्यावर शिक्का.

आता तुझं घर. तू राहतेस ती जागा पोरासाठी लंडनमधली अगदी लॉटरी आहे, तुला अजून माहीत नसेल. क्रॉसहार्बरला ते मोठं आस्डा सुपरमार्केट आहे ना, त्याच्या मागेच मडशूट फार्म आहे. तेरा हेक्टरच्या आसपास जागा, गाई, मेंढ्या, डुकरं, लामा, आणि आत जायला पैसे नाहीत. पूर्वी शेजारची मिलवॉल गोदी खोदताना आणि साफ करताना निघालेला गाळ इथे आणून टाकायचे, त्यावरून नाव पडलं. मेंढी चरतेय आणि तिच्या मागे कॅनरी वॉर्फचे काचेचे टॉवर, असलं दृश्य दुसरीकडे बघायला मिळणार नाही. पहिला आठवडा तू एवढंच कर. सकाळी मडशूट, दुपारी घर. गमबूट मात्र घे, ऑक्टोबरपासून तिथे नुसता चिखल. प्राण्यांना हात लावून झाला की साबणानं हात धुवायचे, सॅनिटायझर नाही चालत, इथे फार्मवर तशी पाटीच असते आणि ते खरंच महत्त्वाचं आहे.

मग दुसरा आठवडा डीएलआर, म्हणजे डॉकलँड्स लाइट रेल्वे. तू ट्यूबला घाबरतेस ना, तर सुरुवात हिच्यापासून कर. ही १९८७ साली सुरू झालेली छोटी गाडी, बहुतेक जमिनीच्या वरून जाते, आणि तिला ड्रायव्हरची केबिनच नाही. म्हणजे सगळ्यात पुढच्या सीटवर बसलं की समोर काच आणि रूळ, पोराला वाटतं गाडी आपणच चालवतोय. माझ्याकडची मुलं त्या सीटसाठी एक गाडी सोडून देतात आणि मीही सोडू देते, चार-पाच मिनिटांत दुसरी येतेच. डीएलआरच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट किंवा रॅम्प आहे, त्यामुळे बग्गी उचलायची भानगड नाही.

क्रॉसहार्बरहून दोन स्टेशनं खाली आयलंड गार्डन्स. तिथे उतरलं की छोटं उद्यान, समोर थेम्स आणि पलीकडे ग्रिनिच. आणि पलीकडे जायला नदीच्या खालून चालत जायचा बोगदा, १९०२ साली गोदी कामगारांसाठी बांधलेला. दोन्ही बाजूंना लिफ्ट आहे, कधीकधी बंद असते, मग गोल जिना उतरावा लागतो, म्हणून निघण्यापूर्वी फोनवर बघून घे. आत पांढऱ्या टाइल्स, गारवा, आणि आवाज असा घुमतो की पोरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडत जातात. तुझ्या डोक्यावर नदी आहे आणि त्यावरून बोटी चालल्यात हे त्याला सांग आणि बघ तोंड. चालायचा कंटाळा करणारं पोर हे अंतर कधी संपणार ते विचारणारसुद्धा नाही. सायकलवाले मात्र बंदी असून जोरात येतात, त्यामुळे हात सोडू नकोस.

पलीकडे कटी सार्क हे जुनं जहाज, बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत, आणि तिथून जवळच नॅशनल मॅरिटाइम म्युझियम. आत जायला फुकट. तिथे वरच्या मजल्यावर जमिनीवरच सगळ्या जगाचा प्रचंड मोठा नकाशा आहे, पोरं त्यावर अक्षरशः पळतात. भारतापासून लंडनपर्यंत चालत दाखव म्हणावं त्याला. विमानात एवढे तास का बसलो होतो हे त्या नकाशावर जितकं कळतं तितकं सांगून कळत नाही. आणि परत येताना दमला असेल तर बोगद्यातून यायची गरज नाही, कटी सार्क स्टेशनवरून डीएलआर सरळ क्रॉसहार्बरला येते. हेच ते परतीचं आधी बघणं.

पावसाच्या दिवसांसाठी वेस्ट इंडिया की या धक्क्यावरचं डॉकलँड्स म्युझियम. ही १८०२ सालची साखरेची वखार आहे, हीच साखर वेस्ट इंडीजमधून गुलामांच्या श्रमावर यायची आणि त्याबद्दलचं दालन वर आहे, ते तू नवऱ्याबरोबर सावकाश बघ. पोरासाठी आत मडलार्क्स नावाची खेळायची जागा आहे, तिची वेळ आधी बुक करावी लागते. कॅनरी वॉर्फच्या एलिझाबेथ लाइन स्टेशनच्या डोक्यावर बाग आहे, छत बरंचसं झाकलेलं, तीही फुकट. आणि तिथल्याच मॉलमध्ये आयडिया स्टोअर आहे. दुकान नाही गं, टॉवर हॅमलेट्समध्ये लायब्ररीला हे नाव दिलंय. लायब्ररीत लहान मुलांसाठी राइम टाइम असतो, सगळे गोल बसून गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. वेळ तिथे विचार. पोराला इंग्रजी येत नाही म्हणून न्यायचं टाळू नकोस, तिथल्या निम्म्या मुलांना येत नाही. या भागात बंगाली बोलणारी कुटुंबं खूप आहेत, तू पंजाबी ड्रेस घालून गेलीस काय नि साडी नेसून गेलीस काय, कुणी वळून बघणार नाही.

एवढं झालं की मग मोठ्या लंडनला हात घाल, आणि तिथेही सोप्या लाइन आधी. ज्युबिली लाइनवर वेस्टमिन्स्टरपासून स्ट्रॅटफर्डपर्यंत सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, आणि कॅनरी वॉर्फ त्याच पट्ट्यात येतं. वेस्टमिन्स्टर ते नॉर्थ ग्रिनिच या भागात तर प्लॅटफॉर्मला काचेची दारंही आहेत, गाडी आल्यावरच उघडतात, त्यामुळे पोर रुळावर जाईल ही जी आपल्या पोटात कालवाकालव होते ती होत नाही. एलिझाबेथ लाइन तर २०२२ सालची, एकदम नवी, तिच्याही सगळ्या स्टेशनांवर बग्गी नेता येते. बाकी ट्यूब मात्र जुनी आहे, १८६३ पासूनची, आणि बऱ्याच स्टेशनांवर फक्त जिने. नकाशात स्टेशनच्या नावापुढे व्हीलचेअरची खूण बघ. निळ्या गोलातली असेल तर रस्त्यापासून थेट गाडीत, पांढऱ्या गोलातली असेल तर प्लॅटफॉर्मपर्यंत लिफ्ट पण गाडीत चढताना पायरी किंवा फट. खूण नसेल तर एकटीनं तिथे उतरायचंच नाही. एस्कलेटरवर बग्गी उघडी न्यायची नाही, पोराला कडेवर किंवा हाताला धर आणि बग्गी मिट. क्रॉक्ससारखे मऊ रबरी बूट घालून एस्कलेटरवर चढवू नकोस, कडेला अडकतात.

पैशाचं म्हणशील तर पोराचं तिकीट नाही. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्या माणसाबरोबर ट्यूब, डीएलआर, बस सगळीकडे फुकट, त्याच्यासाठी कार्डही लागत नाही, रुंद गेटमधून दोघं एकदम जा. तुझं मात्र एकच कार्ड कायम वापर, एकदा फोन एकदा कार्ड असं केलंस तर ते दोन वेगळे प्रवासी समजतात आणि भाडं जास्त कापतात. नवरा आणि तू एका कार्डावर जाऊ शकत नाही. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा टॅप, म्हणजे मशीनला कार्ड टेकवायचं, डीएलआरला तर बऱ्याच स्टेशनांवर गेटच नाही, खांबावरचं मशीन असतं, तिथे टॅप करायचं विसरलं की दंडाला कारण. बसला फक्त चढताना. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. आणि बसचं एक छान आहे, पहिल्या टॅपपासून एका तासाच्या आत कितीही बस बदल, दुसरं भाडं लागत नाही. पोराला शू आली, उतर, जाऊन ये, पुढची पकड.

बग्गीबद्दल जरा सविस्तर बोलते कारण आपल्याकडच्या आया इथेच चुकतात. साडेतीन वर्षांचा घोडा झालाय, आता कशाला गाडी, असं आपल्याला वाटतं. पुण्या-नाशिकात ठीक आहे, तिथे रिक्षा आहे, स्कूटर आहे, आजी आहे. इथे दिवसाला तू सहज सात-आठ किलोमीटर चालणार आहेस आणि तेवढं त्याच्यानं होणार नाही. इथे चार वर्षांची मुलंही बग्गीत बसलेली दिसतात, कुणी हसत नाही. हलकी, एका हातानं छत्रीसारखी मिटणारी घे, सेकंडहँड घे, चॅरिटीच्या दुकानात किंवा फेसबुकवर शेजारपाजारचे लोक विकत असतात. पावसाचं प्लास्टिक कव्हर सोबत हवंच. हँडलला जड पिशव्या लटकवू नकोस, पोर उठलं की गाडी मागे उलटते, हे मी दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं होताना बघते. बसमध्ये बग्गीची जागा असते पण व्हीलचेअरवालं कुणी आलं तर ती जागा त्यांची, तेव्हा मुकाट्यानं मिटायची.

बसचा वरचा मजला, सगळ्यात पुढची सीट, हा माझ्या मते लंडन बघायचा उत्तम मार्ग आहे. त्या दिवशी बग्गी घरी ठेव. तुझ्या बाजूनं १५ नंबरची बस आहे, पॉप्लरकडून निघून टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल्स, फ्लीट स्ट्रीट करत ट्रफाल्गर स्क्वेअरला जाते. त्या टुरिस्ट बसवाल्यांना पैसे द्यायची काही गरज नाही. वाटेत टॉवर हिलला उतरलं तर टॉवर ब्रिज. तो १८९४ सालचा पूल अजूनही मोठं जहाज आलं की मधून उघडतो, वर्षाला आठशेच्या आसपास वेळा, आणि कधी उघडणार त्याच्या वेळा पुलाच्या वेबसाइटवर आधीच लावलेल्या असतात. ती वेळ बघून जा. गाड्या थांबतात, घंटी वाजते, रस्ता उभा राहतो, पोराच्या हातातलं बिस्किट तसंच राहतं.

वेस्टमिन्स्टरचा एक दिवस असा कर. ज्युबिली लाइननं थेट वेस्टमिन्स्टर, लिफ्टनं वर, बाहेर आलं की समोरच बिग बेन, यादीतलं एक झालं. तिथून व्हाइटहॉलनं चालत हॉर्स गार्ड्स. दहा ते चार तिथे दोन घोडेस्वार नुसते उभे असतात, पोराच्या नजरेच्या उंचीवर घोडा. हात लावायचा नाही, चावतो किंवा लाथ मारतो अशी पाटी आहे ती खरी आहे. कमानीतून पलीकडे गेलं की मैदान आणि मग सेंट जेम्स पार्क. तिथल्या तळ्यात पेलिकन आहेत, १६६४ मध्ये रशियाच्या राजदूतानं राजाला भेट दिले तेव्हापासून. दुपारी अडीचच्या सुमारास त्यांना मासे घालतात. तू मात्र बदकांना पाव-बिस्किट घालू नकोस, या बागांमध्ये नको म्हणून सांगतात. राजवाड्याच्या टोकाला खेळायची जागाही आहे. डब्यातलं खा, पेलिकन बघ आणि तीनला तिथून निघ. राजवाडा झाडांतून दिसतोच.

म्युझियमांपैकी नॅचरल हिस्टरी म्युझियमला पोराला न्यायचा मोह सगळ्यांना होतो आणि न्यावंच, फुकट आहे पण तिकीट आधी ऑनलाइन काढ. साउथ केन्सिंग्टनला जिने आहेत म्हणून हे शनिवार-रविवारी नवऱ्याबरोबर. मुख्य दारापेक्षा एक्झिबिशन रोडच्या दारानं जा, तिथे मोठ्या पृथ्वीच्या गोळ्याच्या पोटातून एस्कलेटर वर जातो. डायनासोरच्या दालनात हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स आहे, त्याच्यापुढे तीन-चार वर्षांची मुलं हमखास रडतात आणि रस्ता अरुंद असल्यामुळे मागे फिरता येत नाही. आधी सांगून ठेव की तो मशीन आहे, नाहीतर ते दालनच सोड आणि मोठ्या हॉलमधला निळ्या देवमाशाचा टांगलेला सांगाडा दाखव. ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवडाभर हाफ टर्मची सुट्टी असते, त्या आठवड्यात कुठल्याही म्युझियमचं तोंड बघू नकोस.

खेळायच्या जागांमध्ये दोन सांगते ज्या एकट्या आईला खरंच सोप्या. रसेल स्क्वेअरजवळची कोरम्स फील्ड्स, पूर्वी तिथे अनाथ मुलांचा आश्रम होता, १९३६ पासून मुलांची बाग आहे, आणि तिथे लहान मूल सोबत नसेल तर मोठ्या माणसाला आतच घेत नाहीत. केन्सिंग्टन गार्डन्समधलं डायना मेमोरियल प्लेग्राउंडही तसंच कुंपणातलं, मधे मोठं लाकडी चाच्यांचं जहाज. कुंपण महत्त्वाचं, कारण एकटी असलीस की तुला दोन मिनिटं डोळे मिटायलाही मिळायला हवेत. घसरगुंडीवर रांग असते, पोराला "वेट" आणि "माय टर्न" एवढं शिकव, पुरतं. दुसऱ्यांच्या मुलांना खाऊ देऊ नकोस, आपल्याला ते प्रेमाचं वाटतं पण इथे शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात, आणि आपला निम्मा खाऊ दाण्याच्या कुटाचा. दुसऱ्यांची मुलं फोटोत येतील असे फोटोही काढू नकोस.

खाणं. बाहेर खायला घालून पैसे आणि मूड दोन्ही घालवू नकोस, डबा ने. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, दशमी, पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी, आणि त्यातलं काहीही बाकावर बसून खाता येतं, मोठ्या म्युझियमांत डबा खायला जागा असते. द्राक्षं उभी चिरून दे, अख्खे दाणे देऊ नकोस, पाच वर्षांखाली घशात अडकायचा धोका असतो, हे आम्हाला प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात. शाकाहारी असाल तर रंगीत जेलीच्या गोळ्यांचं पाकीट उलटून वाच, बऱ्याचदा जिलेटिन असतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून ने. कॅफेत बेबीचिनो मागितला तर लहान कपात फेसाळ दूध देतात, तुझी कॉफी होईपर्यंत त्याला काम.

संडास हा इथला खरा प्रॉब्लेम. मध्य लंडनच्या ट्यूब स्टेशनांवर बहुतेक ठिकाणी नसतातच. मोठी रेल्वे स्टेशनं, म्हणजे वॉटर्लू, लंडन ब्रिज वगैरे, तिथे आहेत आणि २०१९ पासून फुकट. म्युझियमं, मोठी दुकानं, कॅनरी वॉर्फचे मॉल चालतात. ठिकाणाहून निघताना लागली नसली तरी नेऊन आण. पाण्याची एक जास्तीची लहान बाटली ठेव, आतमध्ये फक्त कागद असतो. कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोज्यांसकट, पिशवीत कायम.

रस्ता. गाड्या आपल्यासारख्या डावीकडूनच चालतात, तेवढं बरं. पट्ट्यांच्या क्रॉसिंगवर गाड्या खरंच थांबतात. धोका सायकलींचा. काही ठिकाणी बसस्टॉप आणि फुटपाथ यांच्या मधूनच सायकलची लेन जाते, बसमधून उतरलं की पोर सरळ त्यात पाऊल टाकतं, आणि ई-बाइकचा आवाज येत नाही. उतरताना आधी तू, मग तो, असं.

हरवण्याबद्दल तू विचारलं नाहीस पण मनात असणार. पोराला इंग्रजी येत नाही, त्यामुळे नाव-पत्ता विचारून उपयोग नाही. मनगटाला पट्टा बांध, त्यावर फक्त फोन नंबर. नाव बाहेर दिसेल असं लिहू नये, अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की पोर विश्वास ठेवतं. नंबर भारतातला असेल तर पुढे ९१ हवंच, त्यापेक्षा इथलं सिम घे. त्याला एकच शिकव, आई दिसली नाही तर जागेवरून हलायचं नाही, आईच शोधत येणार. गाडीची दारं मधे बंद झाली तर? तो आत राहिला तर त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून थांबायचं वगैरे तीन वर्षांच्या पोराला कळत नाही, म्हणून चढताना आधी तो आणि मागून लगेच तू, आणि दारं बंद होताना बीप वाजायला लागली की धावायचंच नाही, पुढची गाडी. आणि रोज निघताना दारात त्याचा एक फोटो काढ, आज कुठलं जॅकेट घातलंय ते घाबरल्यावर आपल्याला आठवत नाही. आम्ही रोज काढतो.

आजारपणाचं दोन ओळीत. तीन महिन्यांचाच मुक्काम असेल तर प्रवास विमा पोराचाही आहे ना बघ, इमर्जन्सी विभागात तपासणीचे पैसे घेत नाहीत पण ॲडमिट केलं तर पाहुण्यांना बिल येतं. साधा ताप-सर्दी असेल तर फार्मसिस्टला विचार, तो नीट सल्ला देतो. अडलं तर १११ ला फोन, जीवावरचं असेल तर ९९९.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, त्यानंतर अंधार झपाट्यानं लवकर पडतो, डिसेंबरात चारच्या आधीच सूर्य मावळतो. पहिल्यांदा आलेल्या बायकांना याचा फार त्रास होतो, घरात बसून राहिलं की दुपारी तीनलाच रात्र झाल्यासारखं वाटतं. म्हणून नोव्हेंबरनंतर कंटाळा आला तरी सकाळी दहाला दार उघडून बाहेर, अगदी मडशूटपर्यंत जरी. दोन पातळ थर आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट, एक जाड स्वेटर नाही. पोरासाठी गुडघ्यापर्यंत चिखल चालेल असा पडल सूट मिळतो, तो घेतलास की डबक्यात उडी मारू नको हे ओरडणं बंद.

राहिलं शनिवार-रविवारचं. नवरा असेल तेव्हा बग्गी उचलायला दोन हात जास्त, मग जिन्याची स्टेशनं काढा. प्रिमरोज हिलवर जा, तिथून सगळं लंडन दिसतं, उतारावर पोर लोळू दे, आणि जवळच १० किंग हेन्रीज रोडला बाबासाहेबांचं घर आहे, १९२१-२२ मध्ये शिकत असताना ते तिथे राहिले होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं, आता स्मारक आहे, उघडं असण्याच्या वेळा बघून जा. एकजण आत, एकजण पोराबरोबर टेकडीवर, मग बदली. तिथून कालव्याच्या काठानं लिटल व्हेनिसपर्यंत चालत जायचा सल्ला तुला बरेच जण देतील, वाटेत प्राणिसंग्रहालयातली माकडंही दिसतात, लिटल व्हेनिसजवळ हाउली प्लेसला टिळक १९१८-१९ मध्ये राहिले त्या घरावर निळी पाटी आहे. सगळं खरं. पण त्या वाटेला पाण्याच्या बाजूनं कठडा नाही, सायकली अंगावरून जातात, आणि अंतर चार किलोमीटर. मुलगा बग्गीत पट्टा लावून बसलेला असेल तरच, नाहीतर उन्हाळ्यात परत आलात तर बघा. दिवाळीत ट्रफाल्गर स्क्वेअरला मोठा कार्यक्रम असतो, दुपारी गर्दी व्हायच्या आधी जाऊन या. आणि डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची स्वतःची वास्तू आहे, मंडळ १९३२ पासूनचं, तिथले कार्यक्रम बघून ठेव. तुझ्या पोराला दोन महिन्यांनी मराठीत भांडायला कुणीतरी मिळालं की तो कसा खुलतो बघ.

पहिल्या सोमवारी काय करायचं ते सांगून थांबते. नऊपर्यंत नाश्ता, डबा भर, पट्टा, फोटो, गमबूट. आस्डाच्या मागून मडशूट. बारा वाजता परत. ट्यूब नाही, बस नाही, काही नाही. मंगळवारी परत तेच.